पुढे चहा आहे

"बागेकडची खोली नको हो त्यांना. लिफ्टशेजारची द्या," व्यवस्थाबाई फोनवर म्हणाली.

हॉटेलवाला गडबडला. "अहो मॅडम, तुमच्या प्रमुख पाहुण्या ना त्या? लिफ्टशेजारी झोप लागत नाही कुणाला. दार उघडलं की टिंग, मिटलं की टिंग."

"त्यांना आवडतं ते."

"टिंग?"

"कलाकार आहेत. कुणाला काय आवडावं, ते आपण कोण ठरवणार? आणि फळांच्या टोपलीत नुसती केळी ठेवा. चांगली पिकलेली, वास सुटलेली."

तिने फोन ठेवला आणि खूप दिवसांनी तिला मनापासून हसू आलं. केळ्याच्या नुसत्या वासाने त्या भवानीच्या पोटात ढवळतं, ही गोष्ट जगात दोनच माणसांना ठाऊक होती. एक व्यवस्थाबाई स्वतः. दुसरी तिची आई, आणि ती आता नव्हती. अर्थात केळी आणि टिंग हे सगळं किरकोळ. खरा सूड परिषदेच्या तिसऱ्या दिवशी, दुपारच्या सत्रात ठेवलेला होता.

व्यवस्थाबाई हे काही तिचं नाव नव्हे. पण कलाकेंद्रात तिला दुसऱ्या नावाने कुणी हाक मारल्याचं कुणाला आठवत नाही. या केंद्रात दरवर्षी नृत्य आणि प्रयोगकलेची आंतरराष्ट्रीय परिषद भरायची. नुसत्या नाचणाऱ्यांची नव्हे हं. नर्तकाबरोबर वास्तुरचनाकार, शिल्पकाराबरोबर हाडांचा डॉक्टर, गाणाऱ्याबरोबर पुलांचा इंजिनियर अशा जोड्या लावायच्या, आठवडाभर कार्यशाळा घ्यायच्या आणि बघायचं, यातून काय निघतं ते. निघेल ते निघेल, निस्तरायचं व्यवस्थाबाईने. देशोदेशीच्या पाहुण्यांचे व्हिसा, विमानं, पथ्यं, रुसवेफुगवे सगळं तिच्या गळ्यात. एका बाईंना अंगाभोवती ओतायला पोतंभर मीठ हवं असायचं. एका गृहस्थांचा प्रयोग म्हणजे दिवसभर दारात आडवं पडून राहणं. मग चहाचे ट्रे घेऊन त्यांना ओलांडणाऱ्या वाढप्यांना समजवायचं, की बाबांनो, हे आजारी नाहीत, यांचं काम चाललंय. एकदा एक जण बर्फाच्या लादीबरोबर नाचणार होता आणि लादी टेम्पोतच विरघळली. व्यवस्थाबाईने त्याच्यासमोर बादलीभर पाणी आणून ठेवलं आणि म्हणाली, "हीच ती लादी." तो बादलीबरोबर नाचला आणि माणसं ढसाढसा रडली.

या वेड्या लोकांवर तिचा राग नव्हता. उलट माया होती. कारण एके काळी तीही नाचायची. हे मात्र केंद्रात कुणाच्या गावीही नव्हतं.

तेव्हा ती आणि भवानी एकाच लहानशा नृत्यमंडळात होत्या. भवानी दूरच्या गावाहून आलेली, तिला खोली परवडेना, म्हणून व्यवस्थाबाईने तिला घरी राहायला आणलं. बघता बघता ती घरचीच झाली. आईला आई म्हणायची, ताटातलं उचलून खायची, आजारी पडली की आईच्याच कुशीत शिरायची. त्याच सुमारास आईला झटका आला आणि तिचा डावा हात गेला. गेला म्हणजे खांद्याला लटकून राहिला, पण कामातून गेला. बाई मोठी हट्टी. "मला हात लावायचा नाही कुणी," म्हणायची, "माझं मी घालीन." रोज सकाळी पलंगाच्या कडेला बसून ती आपला स्वेटर घालायची. आधी त्या मेल्या हाताची बोटं गोळा करून बाहीत सोडायची. बाही दातांत धरून खांद्यापर्यंत ओढायची. मग एक हिसडा देऊन स्वेटर पाठीमागे भिरकावायची आणि उजव्या हाताने चाचपडत दुसरी बाही गाठायची. मग गळपट्टी हनुवटीखाली दाबून खालून वर एकेक बटण. आणि हे चाललेलं असताना त्या हाताला बोलणं चालू. "चल रे ढोंग्या. ऊठ. नुसता लोळत पडलायस."

व्यवस्थाबाईने त्यातून नाच बसवायला घेतला. आईला समोर बसवून, आईला विचारून.

"असं करू का गं?"

"छे! फार नाजूक करतेस तू. मी काय फुलं वेचते का? हिसडा दे, हिसडा!"

भवानी कोपऱ्यात बसून सगळं बघायची. नाच जवळजवळ बसला. राहिला होता तो शेवट. बटणं लावून झाली, पुढे काय? ते आईलाच अजून सापडलं नव्हतं. स्वेटर घातला तरी डावा हात आपला लोंबायचा, दाराच्या चौकटीवर आपटायचा. आई त्याच्याकडे रागाने बघत बसायची. "थांब जरा," ती लेकीला म्हणायची, "याचं काय करायचं ते बघते मी."

लेक थांबली. भवानी थांबली नाही. परदेशातल्या शिष्यवृत्तीसाठी निवड होती, तिथे तिने तो नाच स्वतःचा म्हणून करून दाखवला आणि निवड झाल्याबरोबर निघून गेली. जाताना आईच्या गळ्यात पडून रडली, हे विशेष. शेवट नव्हताच, म्हणून तिने आपल्या पदरचा एक जोडला. बटणं लावून झाली की उजव्या हाताने डावा हात वर उचलायचा आणि सोडून द्यायचा. धप्प. अंधार. 'एक हात' या नावाने तो नाच जगभर गाजला. कुणाला त्यात युद्ध दिसलं, कुणाला गुलामगिरी, कुणाला यंत्रयुगातला एकटा माणूस. स्वेटर मात्र एकाही शहाण्याला दिसला नाही.

मग व्यवस्थाबाई भांडली का नाही? अहो, भांडायला समोर ऐकणारं कुणी लागतं. तिने एकदा एका कार्यक्रमात तो नाच बटणांपर्यंतच केला, तर माणसं येऊन म्हणाली, "छान करता, पण नक्कल आहे." कुणाची नक्कल, तर भवानीची! त्या दिवशी तिने नाच सोडला आणि नोकरी धरली.

तेवढ्यावर भागलं असतं तर तिने ते गिळलंही असतं. पण एका दुपारी टीव्हीवर 'एक हात' लागला. आई खुर्चीत बसून बघत होती. पहिल्या हिसड्यालाच तिने स्वतःला ओळखलं आणि खुदकन हसली. "अगं, मीच की ही!" मग शेवट आला. हात वर गेला. धप्प. टाळ्यांचा नुसता कडकडाट. आई लेकीकडे वळून म्हणाली, "मी अशी टाकून देते होय गं हात?"

त्याच वर्षी आई गेली. तो प्रश्न आठवला की व्यवस्थाबाईच्या तळपायाची आग अजून मस्तकात जायची. कारण भवानी गेल्यावर आईला शेवट सापडला होता. तो जगात फक्त मायलेकींनी पाहिला होता. आणि तो सगळ्यांसमोर, भवानीच्या देखत करून दाखवायचा, म्हणजे चोर कोण आणि धनी कोण हे आंधळ्यालाही कळेल, हा एकच ध्यास व्यवस्थाबाईने धरला होता.

त्यासाठी तिने सापळा लावला, आणि तोही सावकाश. परिषदेत प्रत्येक प्रयोगानंतर प्रश्नोत्तरं व्हायची आणि तो एक डोक्याला ताप होता. प्रश्न विचारायला उठलेला माणूस स्वतःचंच भाषण ठोकायचा. तेव्हा व्यवस्थाबाईने एकदा अध्यक्षांच्या कानाशी लागून म्हटलं, "सर, बोलण्यावर बंदीच घालू या का? ज्याला काही म्हणायचंय त्याने मंचावर यावं आणि अंगाने म्हणावं. शब्द काढायचा नाही." अध्यक्षांना कल्पना इतकी पसंत पडली, की पंधरवड्यात ती त्यांचीच झाली. तिला 'उत्तर' असं नाव पडलं. नियम एकच. उत्तर देणाऱ्याला कुणी अडवायचं नाही; तो थांबेपर्यंत सगळ्यांनी बघायचं, ज्याला उत्तर दिलं जातंय त्यानेसुद्धा. बाहेरदेशीच्या लोकांनी या पद्धतीची वाहवा केली. व्यवस्थाबाई मुकाट्याने खुर्च्या लावत राहिली. सापळा कुणासाठी आहे, याची तिने ताकास तूर लागू दिली नाही.

भवानीला दरवर्षी आमंत्रण जायचं आणि दरवर्षी तिच्या सचिवाचा नकार यायचा. यंदा व्यवस्थाबाईने अध्यक्षांच्या गळी जीवनगौरव पुरस्कार उतरवला. आमंत्रण गेलं आणि लगेच होकार आला. हुरळून जाण्याची खोड जुनीच होती.

पहिल्या दिवशी नोंदणीच्या टेबलापाशी दोघी समोरासमोर आल्या. भवानी म्हातारी झाली होती, पण काठीसारखी ताठ. डोळ्यांखाली काळं होतं. टिंगने काम केलं, असं मनाशी म्हणत व्यवस्थाबाई उभी राहिली. आता ओळखेल. आता चेहरा पडेल.

भवानीने तिच्याकडे पाहिलं, तिच्या गळ्यातल्या 'व्यवस्था' लिहिलेल्या बिल्ल्याकडे पाहिलं आणि म्हणाली, "कोमट पाणी मिळेल का हो? आणि माझ्या खोलीतली ती केळी तेवढी काढायला सांगा प्लीज."

ओळखलंच नाही! व्यवस्थाबाईचे केस पांढरे झाले होते, अंग सुटलं होतं, चष्मा लागला होता, हे खरं. पण ज्या घरचं मीठ खाल्लं त्या घरचं माणूस असं नजरेतून निसटतं? तिने कोमट पाणी आणून दिलं. केळी काही काढायला सांगितली नाहीत.

तिसऱ्या दिवशी दुपारी हॉल गच्च भरला. उशिरा आलेले पायऱ्यांवर बसले. भवानीने 'एक हात' केला. खोटं कशाला बोला, केला मात्र अप्रतिम. या वयातही तो हिसडा विजेसारखा होता. व्यवस्थाबाई मागे भिंतीला टेकून बघत होती आणि दातओठ खात होती. आईची एकेक हालचाल घासूनपुसून चकचकीत केली होती, आता आईनेही ओळखू नये इतकी. शेवटी हात वर गेला. धप्प. लोक उभे राहिले.

टाळ्या थांबल्यावर अध्यक्षांनी 'उत्तर' सुरू झाल्याचं खुणेनेच सांगितलं. भवानी पहिल्या रांगेत येऊन बसली. पुलांचा इंजिनियर मंचावर आला आणि दोन्ही हात पसरून खांबासारखा उभा राहिला. फार वेळ राहिला. एक मुलगी जमिनीवर गडबडा लोळून गेली. मग कुणी उठेना.

व्यवस्थाबाई मंचाकडे निघाली. कडेला बसलेला साउंडवाला तिला बघून कुजबुजला, "काय झालं बाई? माइक हवाय?"

"नको. दिवा आहे तसाच राहू दे," ती म्हणाली. तिने चपला काढल्या, बिल्ला काढून त्याच्या हातात दिला आणि मंचाच्या मधोमध जाऊन बसली, पलंगाच्या कडेला बसावं तशी.

गुडघे कुरकुरले. श्वास पुरेल की नाही, कळेना. पण डाव्या हाताची बोटं गोळा केली, हवेतल्या बाहीत सोडली, बाही दातांत धरली, आणि हिसडा दिला तेव्हा हॉलमध्ये कुणाच्या तरी तोंडून हुंकार निघाला. हा हिसडा सुंदर नव्हता. एका चिडलेल्या, हट्टी म्हातारीचा होता. तिने हनुवटी दाबली. खालचं बटण. ओठ आपोआप हलायला लागले, आवाज न करता. चल रे ढोंग्या.

मग तिने मान न वळवता पहिल्या रांगेत बघितलं. भवानीचा चेहरा पांढराफटक पडला होता. ओळखलं होतं, पक्कं ओळखलं होतं. दोन्ही हातांनी तिने खुर्चीचा दांडा घट्ट धरला होता, आणि नियमाप्रमाणे तिला उठूनही जाता येत नव्हतं. हेच! हेच बघायला व्यवस्थाबाईने इतकी वर्षं लोकांचं मीठ आणि बर्फ वाहिला होता. तिला अंगात नवं बळ आल्यासारखं वाटलं. तिने दुसरं बटण लावलं, तिसरं लावलं. बघ म्हणावं. अजून कुठे काय बघितलंयस.

शेवटच्या बटणाला तिने पुन्हा नजर टाकली. भवानीच्या चेहऱ्यावरची भीती गेली होती. ती पुढे सरकून बसली होती, डोळे बारीक केले होते, आणि तिची मांडीवरची बोटं हलत होती.

नाचणाऱ्यांची ही सवय व्यवस्थाबाईला चांगली ठाऊक होती. दुसऱ्याचा नाच बसल्या जागी शिकायचा असला, की ते बोटांनी अगदी लहान करून तो करून बघतात. मग तो अंगात मुरतो, विसरत नाही. आईच्या खोलीतही कोपऱ्यात बसून भवानी अशीच बोटं हलवायची. आईला वाटायचं पोरीला हुडहुडी भरलीय. "अंगावर घे गं काहीतरी," म्हणायची आणि आपली शाल तिच्याकडे फेकायची.

आता फक्त शेवट उरला होता. शेवट असा होता. आईने एक दिवस स्वेटरला डाव्या बाजूला मोठा खिसा शिवून घेतला. बटणं लावून झाली की ती उजव्या हाताने डावा हात उचलायची, त्याची बाही नीट करायची आणि त्याला खिशात ठेवायची. वरून हळूच थोपटायची. "झोप आता," म्हणायची, "आपल्याला बाहेर जायचंय." आणि उठून खरंच बाहेर जायची. बस, एवढंच. टाकून देण्याची गोष्टच नव्हती.

व्यवस्थाबाईने डावा हात उचलला होता. तो हवेत असतानाच तिला सगळं लख्ख दिसलं. आत्ता दाखवलं की गेलं. महिन्याभरात कुठल्या तरी मोठ्या शहरात भवानी हा हात खिशात ठेवेल, थोपटेल, आणि पेपरवाले लिहितील की बाईंनी उतारवयात किती कोवळा शेवट शोधला. आई दुसऱ्यांदा लुटली जाईल, आणि या वेळी दाराची कडी आतून व्यवस्थाबाईनेच काढून दिलेली असेल.

हॉल चिडीचूप होता. भवानीची बोटंही थांबली होती, पुढच्याची वाट बघत. व्यवस्थाबाईला रडू फुटायच्या बेतात होतं. दाखवायचं होतं गं आई, सगळ्यांना दाखवायचं होतं. पण तिने हात टाकला नाही आणि ठेवलाही नाही. तिने तो सोडवून घेतला, मनगटावरचं घड्याळ बघितलं, उठून चपला घातल्या आणि माइकपाशी गेली.

"चहा मागच्या हॉलमध्ये आहे," ती म्हणाली. "ज्यांना दूध चालत नाही त्यांनी डावीकडच्या टेबलाशी जावं. पुढचं सत्र वेळेवर सुरू होईल."

आणि असा टाळ्यांचा पाऊस पडला की विचारू नका. हे लोक! यांना घड्याळ बघणंही नाचातलंच वाटलं, आणि चहाही. अध्यक्ष धावत मंचावर आले. "वा बाई, वा! मॅडम, बघितलंत? तुमची कला आमच्या व्यवस्थेपर्यंत झिरपलीय. आमच्या बाईंनी तुम्हाला काय सुंदर मानवंदना दिली!"

मानवंदना म्हणे. व्यवस्थाबाईने साउंडवाल्याकडून बिल्ला घेतला, गळ्यात घातला आणि कपबशा पुरतायत का ते बघायला गेली.

भवानीने तिला मागच्या बोळात गाठलं. दोघींच्या बाजूला दुमडलेल्या खुर्च्यांची चवड होती. पलीकडून चमच्यांचा आवाज येत होता.

"तू होतीस," भवानी म्हणाली. तिला धाप लागली होती. "पहिल्या दिवशी पाणी आणून दिलंस ते तूच. मी ओळखलं नाही गं."

"कोमट होतं ना?"

"असं बोलू नकोस. मला सांग, तो हात तू वर उचललास. पुढे काय होतं?"

"पुढे चहा आहे."

"चेष्टा नको!" भवानीने तिचं मनगट धरलं. "तुला काय वाटतं, मला कळत नाही? जितक्या वेळा तो हात टाकते ना, तितक्या वेळा वाटतं, नाही, आई असं करणार नाहीत. त्या कधीच असं करणार नाहीत."

हे व्यवस्थाबाईला नवीन होतं. तिने विचारलं, "मग टाकायचीस कशाला?"

"काहीतरी करायला हवं होतं ना! लोक समोर बसले होते." भवानी जवळ सरकली. "आई कशा आहेत? मी येऊ का भेटायला? त्या मला सांगतील. माझ्यावर रागावल्या असतील, पण सांगतील."

"आई नाही."

भवानीने मनगट सोडलं.

"तुझा कार्यक्रम पाहून गेली मात्र," व्यवस्थाबाई म्हणाली. हे वाक्य तिने किती वर्षं धार लावून ठेवलं होतं, तिचं तिलाच ठाऊक. "टीव्हीवर. पहिल्यांदा हसली. मग तू हात टाकलास तेव्हा मला विचारलं, मी अशी टाकून देते होय गं हात? तुझ्याकडे आहे का उत्तर?"

भवानी खुर्च्यांच्या चवडीला धरून उभी राहिली. तिच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं, आणि ते खरं होतं, हे व्यवस्थाबाईलाही दिसत होतं. तिला बरं वाटलं. अगदी पोटभर बरं वाटलं.

"संध्याकाळी सत्कार आहे ना माझा," भवानी डोळे पुसत म्हणाली. "तिथे सांगते. हा नाच तुझा आहे, तुझ्या आईचा आहे, मी चोरला म्हणून सांगते. चोरला हाच शब्द वापरते. माझं काय व्हायचं ते होऊ दे. फक्त तो शेवट दे मला. एकदा तरी मला तो नाच पुरा करू दे गं."

याच्याचसाठी तर सगळा खटाटोप होता. भरल्या सभेत, भवानीच्या तोंडून, आईचा नाच आईला परत. आणि द्यायचं काय, तर एक शब्द. तो जिभेवर आलाही होता. मग तिचं लक्ष भवानीच्या चेहऱ्याकडे गेलं. रडता रडता तिचे डोळे पुन्हा तसेच बारीक झाले होते.

"सांगायचंच असतं," व्यवस्थाबाई म्हणाली, "तर काही न मागता सांगितलं असतंस. अजूनही सांग. सत्काराला वेळ आहे. शेवट मिळणार नाही, पण सांग. बघ जमतंय का."

आणि ती साखर कमी पडली का ते बघायला निघून गेली.

संध्याकाळी सत्कार झाला. व्यवस्थाबाई हॉलच्या मागे उभी होती. भवानीने मानपत्र घेतलं, माइक हातात घेतला आणि थांबली. व्यवस्थाबाईने भिंतीला पाठ लावली. भवानीने मागे, थेट तिच्याकडे पाहिलं. मग ती आयोजकांबद्दल बोलली, या सुंदर शहराबद्दल बोलली, आणि व्यवस्था बघणाऱ्या एका बाईंनी दिलेल्या हृद्य उत्तराने आपण किती भारावून गेलो, हेही बोलली. सगळ्यांनी मागे वळून व्यवस्थाबाईसाठी टाळ्या वाजवल्या. तिने मान लववली. दुसरं काय करणार होती?

सकाळी भवानीला विमानतळावर न्यायला गाडी आली. साउंडवाला निरोप घेऊन आला. "बाई, त्या मॅडम सरावाच्या हॉलमध्ये आहेत. पहाटेपासून आतच आहेत म्हणे. हाक मारू?"

"राहू दे. मी बघते."

सरावाच्या हॉलच्या दाराला काच होती. व्यवस्थाबाई काचेशी थांबली. आत एका भिंतीभर आरसा, आणि आरशासमोर खुर्चीच्या कडेला भवानी बसलेली, प्रवासाच्या कपड्यांत. बटणं लावून झाली होती. तिने उजव्या हाताने डावा हात उचलला आणि छातीशी नेला. मान हलवली. नाही. पुन्हा उचलला, गालाशी धरला. नाही. खांद्यावर टाकून पाहिला, मांडीवर निजवून पाहिला. मग उठून उभी राहिली, हात उचलला आणि सावकाश कमरेशी आणला. तिथे ती घुटमळली. तिची बोटं कापडावरून फिरली, काहीतरी शोधत असल्यासारखी.

व्यवस्थाबाईने नाक काचेला टेकवलं. पण भवानीच्या त्या भारी झग्याला खिसा नव्हता. हात गुळगुळीत कापडावरून घसरला आणि खाली लोंबत राहिला.

व्यवस्थाबाईने दारावर टकटक केली.

"मॅडम," ती म्हणाली, "गाडी आलीय."